चटणी वाढली होती, त्यांना दिसली नाही

ताई, नमस्कार.

माझ्या सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं त्याला आज १९ दिवस झाले. वय ६७. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, डावा हात-पाय लुळा, बोलणं मात्र अगदी स्वच्छ. ११ दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की तीन-चार आठवडे रिहॅब सेंटरमध्ये (पुनर्वसन केंद्रात) भरती करा. सासरे म्हणाले, घरात चार माणसं असताना तिला परक्यांच्या हाती कशाला द्यायचं? आणि तिला आता कुठे नोकरीवर जायचंय? म्हणून घरी आणलं. दिवसभरासाठी बाई ठेवली आहे, डायपर लावतो, मालिशवाला रोज येतो, फिजिओथेरपिस्ट एक दिवसाआड अर्धा तास येतात. परवा रात्री एकट्याच उठल्या आणि पडल्या. मुका मार लागला, बाकी काही नाही. विचारलं तर म्हणतात, मला काय झालंय? पेपर वाचणं सोडलं म्हणून नवा चष्मा केला, तोही उपयोगाचा नाही. आणि सगळ्यात मनाला लागलं ते हे. देवासच्या नणंदेला फोनवर सांगत होत्या, ‘सून मला चटणी-कोशिंबीरसुद्धा वाढत नाही.’ मी बँकेतून धावतपळत येऊन पूर्ण ताट वाढते हो! आता नणंदेचे यजमान म्हणताहेत, लकव्याच्या रुग्णांना नेतात त्या बुटाटीच्या मंदिरात न्या. रिहॅबची वेळ टळून गेली का? त्या पुन्हा आपलं आपण करू लागतील का? की मीच कुठे कमी पडते आहे?

– एक सून, राजेंद्र नगर, इंदूर

आधी ताटाचं बघू. तुमच्या पत्रातली ती ओळ तुम्ही गाऱ्हाणं म्हणून लिहिली आहे, पण सासूबाईंच्या आजाराची सगळ्यात महत्त्वाची खबर तिच्यातच आहे.

तुम्ही ताट आपल्या आया वाढत आल्या तसंच वाढत असणार. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. मध्ये पोळी, भात. आज रात्री सासूबाई ‘झालं माझं’ म्हणाल्या की ताटात काय उरलंय ते नीट बघा. माझा अंदाज असा की उजवीकडचं सगळं संपलेलं असेल, भातसुद्धा उजव्या अंगाने खाल्लेला असेल आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी असेल. काही न बोलता ताट अर्धं फिरवा. बहुतेक त्या म्हणतील, ‘अगंबाई, ही कधी वाढलीस?’ आणि खायला लागतील.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की बऱ्याच रुग्णांना डावीकडच्या जगाची दखलच घेता येत नाही. डोळे चांगले असतात, चष्म्याचा नंबरही तोच असतो, पण डावीकडून आलेली खबर मेंदू हिशेबात धरत नाही. डॉक्टर याला निग्लेक्ट म्हणतात. असे रुग्ण केस विंचरतात ते उजव्या अर्ध्या डोक्याचे. तोंड धुतात ते उजव्या गालाचं. दारातून जाताना डावा कोपर चौकटीवर आपटतो. पेपर वाचताना ओळ मधूनच सुरू होते, वाक्याचा अर्थ लागत नाही आणि माणूस कंटाळून पेपर ठेवून देतो. नवा चष्मा बिचारा याला काय करणार? काही जणांची दोन्ही डोळ्यांतली डावीकडची नजरच गेलेली असते, काहींना दोन्ही त्रास एकदम असतात. दोन्हींवरचे उपाय थोडे वेगळे आहेत, तेव्हा पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना ही तपासणी मुद्दाम करायला सांगा. वाणी स्वच्छ असली की घरच्यांना वाटतं, डोकं ठीक आहे, फक्त हात-पाय गेला. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यात (पक्षाघातात) लोक इथेच फसतात.

म्हणजे सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या पुरती चटणी खरोखरच ताटात नव्हती.

पण आता रोज ताट फिरवून देत बसू नका. एकदा तुमची खात्री पटायला फिरवा, एकदा नणंदबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवायला फिरवा. (दुसरं जरूर करा. तुमची अर्धी झोप त्याने परत येईल.) त्यानंतर शोधण्याचं काम सासूबाईंचं. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा आणि दर चार-सहा घासांनी म्हणा, ‘लाल पट्टी दिसेपर्यंत बघा.’ पेपरातल्या एकाच रकान्याच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढा आणि रेघ सापडल्याशिवाय ओळ वाचायला सुरुवात करायची नाही असं ठरवा. त्यांचा डावा हात मांडीवर लोंबकळू न देता टेबलावर, ताटाच्या शेजारी, त्यांच्या नजरेसमोर ठेवा. खोलीची मांडणी करताना गरजेचं ते उजवीकडे, आवडीचं ते डावीकडे. पाणी, घंटी, फोन उजव्या हाताशी हवेत, कारण तहान लागली की मेंदूला व्यायाम देत बसायचं नसतं. टीव्ही, खिडकी आणि भेटायला येणाऱ्यांची खुर्ची मात्र डावीकडे. येणाऱ्याने आधी समोर येऊन तोंड दाखवावं, मग डावीकडे बसावं. नाहीतर डावीकडून आवाज आला तरी त्या उजवीकडेच शोधत राहतील.

‘मला काय झालंय?’ हेही त्याच दुखण्यातलं आहे. डावं अंग चालत नाही, हीच गोष्ट मेंदूपर्यंत पोचत नाही. तुम्ही हट्ट समजून वाद घालाल, त्या तितक्याच खात्रीने पुन्हा उठतील. वादाने कुणी पडायचं थांबलेलं मी पाहिलेलं नाही. पलंगाची उंची कमी करा, रात्री मंद दिवा ठेवा, खोलीत कुणीतरी झोपा. मुका मार म्हणून सोडून दिलंत ना? गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोकं आपटलं असेल, तर डॉक्टरांना आजच सांगा.

त्या रात्री कशासाठी उठल्या होत्या, हे विचारलंत का? विचारा. ‘बाथरूमला’ असं उत्तर आलं, तर तुमच्या घरासाठी ती फार मोठी बातमी आहे. डायपर लावलेला असताना बाथरूमसाठी उठणाऱ्या बाईला लघवीची जाणीव आहे, ती थोडा वेळ धरताही येते आणि डायपरमध्ये करणं तिला पसंत नाही. झटक्यानंतर पहिल्या आठवड्यांत लघवीवरचा ताबा सुटणं नेहमीचंच आहे, आणि पुष्कळांचा तो परतही येतो. पण दिवसरात्र डायपर लावून ठेवला की परत यायला कारणच उरत नाही. बाईला सोय होते, चादर वाचते, आणि पंधरा दिवसांत माणूस ते स्वीकारतो. उद्यापासून जागेपणी दर दोन तासांनी, लागली असो वा नसो, त्यांना कमोडच्या खुर्चीवर बसवा. खुर्ची पलंगाच्या उजव्या अंगाला, म्हणजे चांगल्या बाजूने सरकता येईल. सकाळच्या चहानंतर शौचासाठी, झोपण्यापूर्वी एकदा, रात्री गजर लावून एकदा. वहीत वेळा लिहा. आठवड्यात वहीच सांगेल की दिवसाचा डायपर कधी काढायचा. लघवीला जळजळ, वास किंवा ताप असेल तर आधी तपासणी, कारण लघवीतल्या संसर्गानेही ताबा जातो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. भरती करा. वेळ टळलेली नाही.

झटका आल्यापासून पहिल्या २४ तासांत रुग्णाला फार घाईने उठवून-चालवून फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकतं, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. तेव्हा पहिले दिवस दवाखान्यात गेले ते काही वाया गेले नाहीत. मेंदू सगळ्यात वेगाने सावरतो तो पहिल्या तीन महिन्यांत. पुढेही सुधारणा होत राहते, पण तिची चाल मंदावते. तुम्ही १९ व्या दिवसावर आहात. खर्च करायचाच असेल तर तो आता करा, सहा महिन्यांनी पस्तावून नाही.

घरी आणि तिथे फरक काय, तर आधी नुसत्या तासांचा. एक दिवसाआड अर्धा तास म्हणजे आठवड्याला दोन तासही धड होत नाहीत. अमेरिकेत अशा भरतीसाठी दिवसाला तीन तास, आठवड्याचे पाच दिवस हा जुना दंडक आहे. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही तोच आकडा आहे. म्हणजे आठवड्याला १५ तास. तुमच्याकडे येणारे फिजिओथेरपिस्ट कितीही हुशार असले तरी दोनाचे पंधरा करू शकत नाहीत. दुसरा फरक माणसांचा. निग्लेक्टवर काम करणारी व्यक्ती म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि ती तुमच्या घरच्या व्यवस्थेत कुठेच नाही. जेवणं, कपडे घालणं, आंघोळ, संडास हेच तिचं शास्त्र. शिवाय गिळणं तपासायला स्पीच थेरपिस्ट (बोलणं स्वच्छ असलं तरी पाणी पिताना ठसका लागतो का, आवाज ओलसर होतो का, हे बघावंच लागतं), पुनर्वसनाचे डॉक्टर, नर्स, आणि मनाचं बघणारं कुणी. ही सगळी मंडळी आठवड्यातून एकदा एकत्र बसून तुमच्या सासूबाईंबद्दल बोलतात की नाही, हा सेंटर निवडताना विचारायचा पहिला प्रश्न.

कारण पाटीवर रिहॅब लिहिलेल्या सगळ्या जागा सारख्या नसतात. काही व्यसनमुक्तीच्या असतात. तुमच्या सासऱ्यांच्या कपाळावर जी आठी पडली तिच्यामागे ‘लोक काय म्हणतील’ हेही असू शकतं, ते एकदा हळूच विचारून घ्या. काही जागा म्हणजे खाटा, नर्स आणि सकाळी अर्धा तास फिजिओथेरपी. तशी तर तुमच्याकडे घरीच चालू आहे. तेव्हा ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोज असतात का, रविवारी काय होतं, घरच्यांना शिकवतात का आणि सोडण्याआधी कुणी घर बघायला येतं का, हे स्पष्ट विचारा. शक्य असेल तर सकाळी अकरा वाजता न सांगता चक्कर मारा. त्या वेळी रुग्ण खाटांवर झोपलेले दिसले तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

आणखी एक मागा: बार्थेलचा आकडा. १९६५ पासून जगभर वापरात असलेली ही साधी मोजणी आहे. दहा रोजची कामं, मिळून १०० गुण. भरतीच्या दिवशी आकडा लिहून घ्या, मग दर आठवड्याला. आपल्याकडे सगळे एकच विचारतात, ‘चालणार कधी?’ या मोजणीत सपाटीवर चालण्याला १५ गुण आहेत, पलंगावरून खुर्चीत जाण्यालाही १५. लघवीवरचा ताबा, शौचावरचा ताबा आणि संडासचा वापर यांचे मिळून ३०. ज्यांनी ही मोजणी बेतली त्यांना घरात खरा कस कुठे लागतो ते नेमकं कळलं होतं. चार पावलं चालणारी पण संडासला दोन माणसं लागणारी बाई घरच्यांना दमवते. व्हीलचेअरवर बसणारी पण आपलं आपण कमोडवर सरकणारी बाई दुपारी घरात एकटी राहू शकते, आणि तुम्ही बँकेत निर्धास्त बसू शकता.

सासऱ्यांनी विचारलं आहे, तिला कुठे नोकरीवर जायचंय? हा प्रश्न मी बायकांच्या बाबतीतच ऐकते. घरातल्या पुरुषाला झटका आला की आठव्या दिवशी सगळे विचारतात, हे कामावर कधी जातील, आणि त्या घाईत त्याला उपचार तरी पुरेसे मिळतात. घरातल्या बाईला सगळे म्हणतात, तू आता आराम कर. ६७ वर्षांच्या बाईला बाथरूमचं दार आतून लावून घेता येणं, स्वतःच्या हाताने वेणी घालता येणं, नातवाला ओरडून न बोलावता स्वतः उठून त्याच्या खोलीत जाता येणं, याला नोकरीपेक्षा कमी किंमत का द्यायची? त्यांच्यापुढे अजून वीस वर्षं असू शकतात.

आणि ती चार माणसं! सासऱ्यांचा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे, पण अडचणही तिथूनच सुरू होते. एक भरवतो, एक केस विंचरतो, एक उचलून बसवतो, चौथा विचारतो ‘आणखी काही हवंय का?’. प्रेमच आहे ते, पण दिवसभरात त्या बाईच्या वाट्याला स्वतः करायला काहीच उरत नाही. झोपेतून जागा व्हायला लागलेला मेंदू कामातून शिकतो. ब्लाउजची डावी बाही घालायला त्यांना सात-आठ मिनिटं लागतील, ती सात-आठ मिनिटं म्हणजेच उपचार. तुम्ही दारात हात मागे बांधून उभ्या राहा. बाही अडली की आधी तोंडाने सांगा, मग बोटाने दाखवा, मग नुसता स्पर्श करा, आणि शेवटी मदत. घालताना लुळा हात आधी, काढताना लुळा हात शेवटी, एवढा नियम पाठ करून घ्या.

सेंटरमध्ये सोबतीला कोण राहणार? तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण सगळ्यांनी तुम्हालाच गृहीत धरलं असेल. मी म्हणेन, सासरे राहू देत. ते निवृत्त आहेत, त्यांची बायको आहे, आणि पुढची वर्षं रात्री त्या खोलीत तेच असणार आहेत. पलंगावरून खुर्चीत कसं सरकवायचं, पाठ न मोडता कसं उभं करायचं, हे त्यांनी थेरपिस्टच्या समोर करून दाखवावं, मगच घरी सोडावं. त्यांचा विरोध मला रागापेक्षा भीतीचा वाटतो. ‘परक्यांच्या हाती’ म्हणताना त्यांना ती एकटी पडेल असं दिसत असणार. ‘बाबा, तुम्ही तिच्यासोबत राहायचंय’ असं सांगितलंत तर निम्मा विरोध तिथेच विरेल. तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी शनिवार-रविवार जाऊन शिकून घ्या. दिवसाच्या बाईलाही दोन दिवस न्या, नाहीतर घरी आल्यावर ती पहिल्या सकाळी घास भरवायला बसेल.

खर्चाचं: मेडिक्लेम असेल तर भरतीआधी ईमेलवर लेखी विचारा. फोनवरचं ‘हो मॅडम, मिळेल’ नंतर कुणी मानत नाही. बऱ्याच पॉलिसींत दवाखान्यातून सुटल्यानंतरच्या ६० दिवसांचा खर्च धरतात. त्यात फिजिओथेरपी बसवायची तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी आणि वेगळी बिलं लागतात. चार आठवड्यांचा खर्च झेपत नसेल तर दोन आठवडे भरती करा आणि त्यात घरच्यांना शिकवून घेण्यावर भर द्या. मग रोज बाहेरून थेरपीला न्या. इंदूरच्या एम.वाय.सारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागाचा पर्यायही आहे. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून पुनर्वसनाचीच केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे कुणी सुचवेल, पण घरच्यांनी रोज येऊन शिकायचं असेल तर गाव सोडून जाऊ नये, असं माझं मत.

मालिशवाल्याबद्दल. हलक्या हाताने तेल लावलं तर बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही. त्याने लुळ्या हाताचं काम परत येत नाही. मात्र त्याला दोन गोष्टी बजावून सांगा. डावा हात डोक्यावर खेचायचा नाही, आणि कुणीही, तुम्हीसुद्धा, त्यांना काखेत हात घालून किंवा डावा हात ओढून उठवायचं नाही. लुळ्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, सांधा निसटतो, आणि मग महिनोन्‌महिने इतका दुखतो की थेरपीच बंद पडते. झोपवताना आणि बसवताना त्या हाताखाली उशी द्या. मुठीत स्पंजचा चेंडू देऊ नका. अशा हाताला मूठ उघडणं अवघड जातं, आवळायची सवय आधीच जास्त असते. आणि थंडीत डाव्या अंगाला गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. तिथे चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो.

बुटाटीचं थोडक्यात सांगते. राजस्थानात नागौर जिल्ह्यात आहे, सात दिवस राहून फेऱ्या घालतात, माळव्यातून पुष्कळ जण जातात. श्रद्धेवर मी बोलणार नाही. पण इतक्या लांबचा प्रवास, सात दिवस अनोळखी जागा, आणि पडण्याचा धोका असलेली बाई, तोही पहिल्या तीन महिन्यांतला मोलाचा आठवडा घालवून? नणंदेच्या यजमानांना सांगा, आई स्वतःच्या पायांनी गाडीत बसू लागली की तुम्हीच घेऊन जा. औषधाच्या डब्यासकट. कबुतराचं रक्त चोळायला सांगणारं कुणी भेटलं तर मात्र त्याला दारातूनच परत पाठवा.

त्या पुन्हा सगळं आपलं आपण करतील का? निम्म्याहून अधिक गोष्टी करतील, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं, पण थेरपिस्टनी तपासल्याशिवाय शब्द देणार नाही. पाय साधारणपणे हाताच्या आधी सावरतो. हाताची बोटं पहिल्या महिन्यात थोडीतरी हलू लागली तर आशा वाढते. डावीकडची बेदखल, म्हणजे ते निग्लेक्ट, बऱ्याच जणांत काही आठवड्यांत, महिन्यांत कमी होते, काहींत थोडी उरतेच, आणि ती उरली की घरात वावरताना सोबत लागते. झटक्यानंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं. त्या गप्प झाल्या, जेवण कमी झालं, थेरपीला नको म्हणू लागल्या तर आळस म्हणू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

त्या घरी परत येतील तेव्हाची एक-दोन कामं आत्ताच करून ठेवता येतील. कमोडच्या उजव्या हाताला भिंतीत पक्का दांडा हवा. डावीकडे लावलेला दांडा त्यांना दिसणारही नाही. गाऊन सोयीचा म्हणून कायमचा गाऊन घालू नका. त्यांना साडी हवी असेल तर शिवलेली साडी, परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक, ब्लाउजला पुढून वेल्क्रो, आणि साडी पावलांच्या वर. स्वयंपाकघरात त्या जाणारच, जाऊ द्या. परातीखाली ओला फडका घातला की एका हाताने कणीक मळता येते, आणि दुसरा हात परातीच्या कडेवर नुसता टेकवून ठेवला तरी त्याला काम मिळतं. फळीवर दोन स्टीलचे खिळे उभे ठोकले की बटाटा त्यात रोवून एका हाताने सोलता येतो. विळी माळ्यावर टाका. आणि शेगडीचा डावा बर्नर बंद करून टाका, मेकॅनिकला सांगून. तोच बर्नर पेटता राहील, त्यावरच पदर जाईल, आणि त्यांना दिसणार नाही. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, आणि कठडा उजव्या हाताला.

जेवणात मीठ. सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला, दुपारी लोणचं, संध्याकाळी पुन्हा नमकीन, आपल्या इंदुरात हे मीठ कुणी मोजतच नाही. दिवसभरात मिळून चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत बसवायचं आहे. ताटात डावीकडे वाढलेली मिठाची चिमूट त्यांना दिसली नाही तर ती एकच गोष्ट मी तुम्हाला शोधून द्यायला सांगणार नाही. रक्तदाब घरी मोजा, वहीत लिहा, आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून कुणीही गोळ्या बंद करू नका.

तुम्ही कुठे कमी पडता आहात, असं विचारलंत. नोकरी करून रोज पूर्ण ताट वाढणारी बाई कमी पडत नाही. कमी पडतो आहे तो मोकळा वेळ. तेव्हा पुढच्या चार आठवड्यांत एक रविवार नणंदबाईंच्या नावावर लिहा. देवास काही लांब नाही.

एक कागद मात्र आजच फ्रिजवर चिकटवा आणि घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, वाचून दाखवा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात अचानक खाली पडणं, बोलणं अडखळणं किंवा समजेनासं होणं, एकाएकी तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर घरचे डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही. तोंडात पाणी, गोळी काही घालायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि चोवीस तास सीटी स्कॅन होतो अशाच रुग्णालयात जायचं. त्याचं नाव कागदावर आधीच लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते तास मोजायचे ते त्या शेवटच्या ठीक दिसल्या तिथपासून, म्हणून डॉक्टर पहिल्यांदा तीच वेळ विचारतात. कागदाच्या शेजारी पेन बांधून ठेवा.